एकमताने ‘नाय’

साताऱ्याहून पेण-रोह्याला हौसेने गेलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. लोक अलिबागला जातात, वाटेत पेण लागतं म्हणून पापड घेतात आणि पुढे सरकतात. मी मात्र पेणला पेणसाठी आणि रोह्याला रोह्यासाठी गेले, तेही छातीला बिल्ला लावून. त्याचं असं झालं.

मी ज्या सेवासंस्थेची सभासद आहे ती जगभर पसरलेली आहे. तिच्या शाखा इतक्या देशांत आहेत की सगळ्यांची निशाणं लावायला एक भिंत पुरत नाही, तरी प्रत्येक सभेत ती लावतातच. दर काही वर्षांनी या संस्थेला आपले नियम बदलायची हुक्की येते. कुठल्यातरी थंड, स्वच्छ देशात पाचपन्नास लोक बसून ठराव तयार करतात. ते ठराव प्रांताप्रांतांत फिरतात, प्रांताची सभा भरते आणि शाखांचे प्रतिनिधी होय किंवा नाही म्हणतात. प्रत्येक शाखेला एक मत. ज्या प्रांताने होय म्हटलं तिथे नियम लागू. मतदान चोख व्हावं म्हणून शेजारच्या प्रांतातून एक निरीक्षक बोलावतात. त्याने बघायचं, जेवायचं आणि ‘सर्व कामकाज सुरळीत पार पडले’ असं लिहून सही करायची. या वर्षी आमच्याकडच्या सगळ्या मान्यवरांच्या घरी नेमकी लग्नं निघाली, म्हणून हा मान माझ्या गळ्यात पडला. मी औषधांचं दुकान चालवते. ‘दुकान काय, मुलगा बघेल,’ हेही त्यांनी परस्परच ठरवून टाकलं.

पेण

पेणच्या एसटी स्टँडवर पाय ठेवते तोच समोर शाल. शहर शाखेचे अध्यक्ष प्रभाकरशेठ, त्यांचे तीन-चार सभासद आणि एक फोटोग्राफर असे सगळे बसच्या दारातच उभे. मागून उतरणाऱ्या बाईच्या हातात कोंबड्यांची पाटी होती. तिला बाजूला सारून मला शाल घातली. पहिला फोटो हलला, म्हणून शाल काढून पुन्हा घातली. कंडक्टरने विचारलं, "कोन आहेत मॅडम?" "निरीक्षक," शेठ म्हणाले. "कशाच्या?" यावर कोणालाच चटकन उत्तर सुचलं नाही, मलाही नाही.

आता पेणमध्ये खायला काय कमी आहे? थंडीचे दिवस, ओल्या वालाच्या शेंगांचे रस्त्याकडेला ढीग लागलेले. वाल म्हणजे इथल्या माणसाचा जीव की प्राण. आणि मला नेलं कुठे, तर एसी हॉटेलात पनीर खायला. धीर करून मी विचारलं, "वालाचं बिरडं नाही का मिळणार?" शेठ हसले. "ते काय मॅडम, घरचं. पाहुण्याला कोणी बिरडं घालतं का?" साताऱ्यात आम्हीही पाहुणा आला की पिठलं लपवतो, त्यामुळे मला फार बोलायला जागा नव्हती. पण पनीर अगदी रबर होतं.

पनीर चावता चावता ठराव समजला. "फार चांगला ठराव आहे," शेठ म्हणाले. "वीसपेक्षा कमी सभासद असलेली शाखा शेजारच्या मोठ्या शाखेत विलीन. सामानसुमानासकट. ताकद कशी एकत्र येते बघा."

"तुमच्या शेजारी आहे का अशी एखादी?"

"खारात आहे ना, डोलवीच्या पुढे, खाडीच्या खारट जमिनीत. डझनभर डोकी. पण मॅडम, त्यांच्याकडे पलंग आहेत." शेठचा आवाज एकदम हळवा झाला. "हॉस्पिटलचे. दांडा फिरवला की डोकं वर, पाय वर. परदेशातल्या कुठल्या शाखेने पाठवले आणि यांना मिळाले. आमच्याकडे एकही नाही हो."

जेवणानंतर त्यांनी आपला नवा हॉल दाखवला. ‘रुग्ण साहित्य केंद्र’ असा बोर्ड लागलेला होता. बोर्डावर शेठ होते, शेठच्या आधीचे अध्यक्ष होते, त्यांच्या आधीचे होते, सगळे हसत होते. पुढच्या आठवड्यात प्रांतपाल, म्हणजे सगळ्या प्रांताचे प्रमुख, उद्घाटनाला येणार होते. रिबीन आणली होती, कात्रीसुद्धा आणली होती. साहित्य तेवढं यायचं होतं.

खार

दुसऱ्या दिवशी मला शेठ पेण दाखवणार होते. त्याआधीच एक बाई स्कूटर घेऊन लॉजच्या दारात हजर. पन्नाशीची, खांद्यावर पिठाचा पांढरा पट्टा. "मी सुनंदा. खारातल्या शाखेची अध्यक्ष. चला मॅडम, तो शेठ तुमाला आमच्याकडं आननार नाय." मी बसले. निरीक्षकाने कोणाच्या स्कूटरवर बसू नये असा नियम अजून तरी झालेला नाही.

डोलवीच्या पोलाद कारखान्यात पहिली शिफ्ट चढत होती. बसमागून बस, डब्यांच्या पिशव्या, हेल्मेटं. तो गलका मागे पडला की एकदम खाडीची जमीन लागते. डावीकडे मिठागरं, उजवीकडे कापलेली भातशेती आणि मधून जेमतेम एका वाहनापुरता मातीचा बांध. सुनंदाताईंनी मला ‘बांध बघा, चालून बघा’ म्हणून खाली उतरवलं आणि मी चार पावलांत चिखलात गेले. एक चप्पल तिथेच राहिली. मिठागरावरच्या बायका हसून हसून वाकल्या. "गो बाय, हलू! घाटावरची हाय वाटतं!" त्यातल्या एकीने हात घालून चप्पल काढून दिली, पण हसणं काही थांबवलं नाही.

सुनंदाताईंची पिठाची गिरणी आहे. त्याच गिरणीत शाखेची सभा भरते, कारण दळण घेऊन सगळे येतातच. दुपारी तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण जेवले. आमच्याकडची ज्वारीची भाकरी चावावी लागते, ही तोंडात कधी विरघळली ते कळलं नाही. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. सकाळी मी ज्या चिखलात गेले होते तिथलाच असावा. मी दोनदा कालवण मागून घेतलं.

"पलंग ठेवता कुठे?" मी विचारलं.

"ठेवाची वस्तू हाय काय ती?" सुनंदाताई म्हणाल्या. "घरोघर हायत. एक मानूस उठला का पलंग दुसरीकडं. कोन दलान घेऊन येतो, सांगतो, बाबाला हास्पिटलातून घरी सोडलाय, उताना झोपला का दम लागतो. शिफ्टवरून सुटलेली पोरं पलंग खांद्यावर घेतात आनि बांधावरून पोचवतात. झाला."

"आणि पेणला गेले तर?"

"अर्ज करा. आधार द्या. डाक्टरची चिठ्ठी आना. टेम्पो करा. भरतीच्या वक्ताला ह्या बांधावर टेम्पो येईल? तवर म्हातारा जमिनीवर." त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "सभासद कमी हायत, खरा हाय. पोरं शिफ्टला असतात, सभेला हजेरी लागत नाय, म्हनून तुमचीच वरची मानसं नावं कापतात. मंग तीच मानसं सांगतात, तुमी कमी हाव. मॅडम, शाखा गेली तर जाव दे. बिल्ला पन घेऊन जावा. पन पलंग गेले तर मी ह्या गावात तोंड कसा दाखवू?"

त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. एवढी धडधाकट बाई घाबरलेली बघून मला कसंतरीच झालं.

मग त्यांनी बेत सांगितला. प्रांतात मोठ्या शाखा मूठभर, लहान जास्त. रोह्याची खेडी, वरसे, नागोठणे, खाडीकडचे सगळे फोनवर बोलून एक झाले होते. "सगल्यांचा एकच शब्द ठरलाय," त्या म्हणाल्या. "नाय."

मला बेत आवडला. त्यात चुकण्यासारखं काही दिसेना.

रोहा

रोह्याला कुंडलिकेच्या जवळ एक मोठा लग्नाचा हॉल आहे, तिथे सभा. नदी बघायला मिळेल असं वाटलं होतं, पण हॉलच्या सगळ्या खिडक्यांवर संस्थेचे फलक लावले होते. आत सकाळी दिवे लागलेले.

आधी प्रार्थना. मग दीपप्रज्वलन, आणि दीप पंख्याने विझल्यामुळे पुन्हा दीपप्रज्वलन. मग सत्कार. पाहुण्यांचा सत्कार, यजमानांचा सत्कार, सत्काराच्या शाली ज्यांनी दिल्या त्यांचा सत्कार. मलाही शाल मिळाली. तीन दिवसांत साताऱ्यातल्या आख्ख्या थंडीला पुरतील इतक्या शाली माझ्याकडे जमल्या.

अखेर ठरावांना सुरुवात झाली. पहिला ठराव बिल्ल्याच्या रंगाचा होता. त्यात ‘निळा’ असावं की ‘गडद निळा’, यावर सूटबूट घातलेली मोठी माणसं घसा फोडून बोलली. एक जण तर भावुक झाले. दुसऱ्या ठरावात ‘करावे’ या शब्दाऐवजी ‘करता येईल’ घालायचं होतं. त्यावर दुरुस्ती आली, दुरुस्तीवर उपदुरुस्ती आली, आणि शेवटी मुळात काय करावे ते कोणालाच आठवेना, तेव्हा ठराव मंजूर झाला. जगात शांतता नांदावी म्हणून स्थापन झालेल्या संस्थेचं हे काम. मी हात चोळत बसले होते. मागच्या दाराने बिर्याणीचा वास यायला लागला आणि हॉलमधली जगाची काळजी झपाट्याने कमी झाली.

शाखा विलीन करायचा ठराव त्या वासात आला. मतदान रंगीत कार्डांनी होणार होतं, होय म्हणजे हिरवं, नाही म्हणजे लाल. कार्डं छापून तयार होती. पण ती ज्या गाडीच्या डिकीत होती ती गाडी प्रमुख पाहुण्यांना आणायला पनवेलला गेली होती. "आवाजी मतदान घेऊ," प्रांतपाल म्हणाले. हे गृहस्थ मुंबईकडचे, मराठी अगदी मऊ. सुनंदाताईंनी मागे वळून आपल्या लोकांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. तयारी जय्यत होती.

आता विचारायचं कसं, तर ‘ठरावाच्या बाजूने कोण?’ आणि मग ‘विरोधात कोण?’ असं नियमावलीतच लिहिलेलं आहे. प्रांतपालांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा मागचं दार बघितलं आणि हसून म्हणाले, "ठराव सर्वांनी वाचलाच आहे. जेवण थंड होतंय. कोणाची हरकत नाही ना?"

"नाय!"

काय तो आवाज! वरसे, नागोठणे, खाडी, डोंगर, सगळे एका दमात ओरडले. फलक हलले. माझ्या शेजारचे म्हातारे सभासद तर खुर्चीवरून उठून ओरडले, "नाय म्हंजे नाय!"

"धन्यवाद," प्रांतपाल म्हणाले. "एकमताने..."

हे ‘एकमताने’ ऐकलं आणि लहान शाखांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आपण जिंकलो! कोणी शिट्टी पण वाजवली. त्या कडकडाटात पुढचा शब्द बुडाला. तो शब्द ‘मंजूर’ होता, हे टाळ्या थांबल्यावर कळलं. तोवर हातोडा आपटून झाला होता आणि पहिल्या रांगा बिर्याणीकडे वळल्या होत्या.

प्रांतपालांनी हे मुद्दाम केलं की भुकेने, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. मुद्दाम केलं असेल तर ते लबाड आहेत. भुकेने केलं असेल तर त्यांना नेमून दिलेल्या कामाची त्यांना एका बिर्याणीइतकीही किंमत नव्हती, आणि मला तेच जास्त लागतं. आमच्या साताऱ्यात मात्र हा घोळ झालाच नसता. आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की माणूस ‘बघू की’ म्हणतो, आणि ‘बघू की’ला कोणताही प्रांतपाल मंजुरी समजू शकत नाही.

सुनंदाताई माईककडे धावल्या. "अवो, आमी नाय म्हटला! नाय म्हंजे ठराव नको!"

तिथे एक वकील बसले होते, संस्थेचे नियमतज्ज्ञ. त्यांनी चष्मा लावला. "निकाल जाहीर झालेला आहे. आता फक्त फेरविचार मागता येतो. आणि तो ज्याने ठरावाच्या बाजूने मत दिलं त्यालाच मागता येतो. तुम्ही तर विरोधात होतात म्हणता."

सुनंदाताईंनी माईक घट्ट धरला. मग म्हणाल्या, "एकमतानी मंजूर झाला ना?"

"हो."

"एकमतात मी आली का नाय?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"आली ना? मंग मी बाजूनी मत दिलाय. तुमीच लिवलाय. आता मी मागते फेरविचार!"

मी आयुष्यात इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या नव्हत्या. वकिलांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. त्यांना घाम आला. मग कुठेतरी त्यांना हवं ते सापडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "फेरविचाराला गणसंख्या लागते. निम्मे प्रतिनिधी हॉलमध्ये हवेत." हॉलमध्ये निम्मे नव्हते. निम्मे रांगेत होते, हातात ताटं घेऊन. "म्हणजे सभाच तहकूब. निकाल मात्र कायम."

मी उठले. निरीक्षकाने बोलायचं नसतं हे मला माहीत होतं. "अहो, मी इथे बसून ऐकलंय, सगळा हॉल नाही म्हणत होता!" वकील माझ्याकडे बघून गोड हसले. "मॅडम, निरीक्षकांना जेवणाचं कूपन आहे, मत नाही."

कूपन मी टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले. हॉलच्या मागे कुंडलिका संथ वाहत होती. मला रडायला येत होतं, आणि भूकही लागली होती, त्याचा वेगळा राग येत होता.

वरसे

संध्याकाळी वरश्याच्या शाखेने आधीपासून पोपटी ठेवली होती. जिंकल्यावर खायची म्हणून. पोपटी म्हणजे पोपट नव्हे, हे मी आमच्याकडच्यांसाठी सांगते. भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरतात, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी घालतात, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. मडकं उघडलं की जो वास सुटतो त्यापुढे दुपारची बिर्याणी काय आणि पेणचं पनीर काय. शेवटी मला वाल मिळाले, तेही असे.

शेंगा सोलताना सगळे एकमेकांवर घसरत होते. "तू कशाला टाळ्या वाजवल्यास?" "आनि शिट्टी कोनी मारली?" एक जण म्हणाला, "आपन ‘हाय’ बोलाया पायजे व्हता. हरकत हाय!" दुसरा म्हणाला, "मंग ठराव पायजे म्हनून ‘हाय’ लिवला असता." नागोठण्याचे म्हातारे सभासद, तेच माझ्या शेजारी उठून ओरडलेले, शेंग चोखत म्हणाले, "अंबा नदी पन आमचा नाय कवा ऐकत नाय. पावसाल्यात ती घरात येतेच." सगळे हसले. सुनंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी शेंगा सोलून सोलून माझ्यापुढे ढीग केला, आणि स्वतः एकही खाल्ली नाही.

मी अहवाल लिहिला तो तिथेच, चटईवर बसून. ‘सभागृहाने नाही म्हटले आणि ते होय म्हणून मोजले गेले,’ असं स्वच्छ लिहिलं. साताऱ्याला आल्यावर त्याचं उत्तर आलं. ‘आपल्या सकारात्मक अभिप्रायाबद्दल आभार.’

पुन्हा खार

पोपटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला पेणला सोडायला प्रभाकरशेठच आले. गाडीमागे एक टेम्पो होता. "जाता जाता खारात डोकावू," शेठ म्हणाले. "नियम लागू व्हायला वेळ आहे, पण शुभस्य शीघ्रम्. दोन-तीन पलंग आणून ठेवू. उद्घाटनाला प्रांतपालांना काहीतरी दाखवायला हवं ना." हे त्यांनी जराही न लाजता सांगितलं. शेठ दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर त्यांच्याशी भांडता आलं असतं.

ओहोटी होती, म्हणून टेम्पो बांधावरून कसाबसा आला. सुनंदाताई गिरणीच्या दारात उभ्याच होत्या, रात्रीत डोळे ओढलेले. शेठनी नमस्कार केला आणि आजूबाजूला पाहिलं. "सामान?"

"चला, दाखवते," सुनंदाताई म्हणाल्या.

चार घरं सोडून एका घरात आम्ही शिरलो. एकच खोली, शेणाने सारवलेली. अर्ध्या खोलीत तो पलंग. दांडा फिरवून डोक्याकडची बाजू उंच केलेली, आणि तिच्यावर टेकून एक म्हातारा बसलेला. हाडंच उरली होती. प्रत्येक श्वासाला खांदे वर-खाली होत होते. "हे हिराजीबाबा," सुनंदाताई म्हणाल्या. "सगला जन्म मिठागरावर गेला. आडवे झाले का जीव घाबरतो, म्हनून असे." मग त्या शेठकडे वळल्या. "नियम तुमचा, पलंग पन तुमचा. माजी ना नाय. पन उचलाचा तुमीच. मी हात लावनार नाय."

टेम्पोवाला दारातून आत डोकावला, बाबांना बघून मागे सरकला आणि टेम्पो वळवायला गेला. शेठ पलंगाच्या पायाशी उभे राहिले. त्यांनी दांड्यावरून हात फिरवला. काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, किंवा खरंच मनात आलं म्हणून असेल, त्यांनी बाबांच्या बायकोला विचारलं, "साधारण कधी मोकळा होईल हो हा?"

त्या माउलीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, जमीन फाटावी आणि आम्ही सगळे बिल्लेवाले आत जावेत.

उत्तर बाबांनीच दिलं, मध्ये मध्ये दम घेत. "मी मेलो का... न्या. तवर... उभं कशाला? बसा. चाय घेऊन जावा."

घरात खुर्ची नव्हती. शेठना बसायला दुसरी जागा दिसेना. बाबांनी दोन्ही हातांनी आपले पाय उचलून एका बाजूला घेतले आणि पलंगावर त्यांच्यासाठी जागा करून दिली.